तोरण्यामागचा अंधार

मी आता आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेत नाही. कुणी विचारलं तर दुकानाची कामं वाढलीत, गुडघे दुखतात, असं काहीतरी सांगतो. गुडघे खरंच दुखतात, पण ते कारण नाही. खरं कारण सांगायचं तर निवांत बसून सांगावं लागेल, आणि गिऱ्हाईक काउंटरवर चष्मा ठेवून उभं असताना ते जमत नाही. म्हणून इथं लिहितोय.

भोरच्या बाजारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर भिंगांशी खेळणाऱ्या माणसाला एखाद्या दिवशी दुर्बीण करावीशी वाटली, तर त्यात नवल नाही. नवल हे की मी ती पुरी केली. आठ इंचांचा आरसा दुकानामागच्या खोलीत काचेवर काच घासून केला. त्यात दोन पावसाळे गेले आणि बायकोची बरीचशी सहनशक्ती गेली. नळीऐवजी सुताराकडून प्लायवूडची लांब पेटी करून घेतली आणि घरात उरलेल्या लाल ऑइलपेंटनं रंगवली. आमचा मुलूख किल्ल्यांचा. इथं लांबुळकी आणि तोंड वर केलेली वस्तू म्हणजे एकच. पहिल्याच कार्यक्रमाला पोरं "तोफ आली, तोफ आली" करत धावली. तेव्हापासून ती तोफ झाली आणि मी, आयुष्यात एक दिवस शाळेत शिकवलेलं नसताना, मास्तर झालो.

लोकांना वाटायचं, मला शनीची कडी दाखवायची असते. ती मी दाखवायचोच, पण खरं सांगायचं तर दुर्बीण हे आमिष होतं. तिच्या ओढीनं माणूस घराबाहेर येतो, अंधारात रांगेत उभा राहतो, आणि रांगेत कंटाळला की मान वर करतो. त्या वेळी त्याला नुसत्या डोळ्यांनी आकाशगंगा दिसावी, एवढंच मला हवं होतं. माझ्या लहानपणी ती भोरमधल्या आमच्या गच्चीवरून दिसायची. अंथरुणावर पडलं की डोक्यावरून गेलेला तो पांढरट पट्टा. मला तो कुणी दाखवला नाही, दाखवायची गरजच नव्हती. आजची पोरं त्याला मोबाईलमधलं चित्र समजतात. माझे हातपाय चालतात तोवर या दोन तालुक्यांतल्या जेवढ्या माणसांना तो पट्टा खराखुरा दाखवता येईल तेवढ्यांना दाखवायचा, असं मी मनाशी धरलं होतं. त्याला लागतो फक्त अंधार, आणि अंधार काय फुकट मिळतो, असं मला वाटायचं.

सुरुवात भोरमध्ये शाळेच्या मैदानावर केली. तिथं लवकरच चौफेर दिवे आले. मग भोंगवलीला एका ओळखीच्याच्या शेतात जायला लागलो. तिथली माणसं लाख चांगली, चहा नको म्हटलं तर दूध आणायची. पण पूर्वेला शिरवळकडच्या कंपन्यांचा आणि महामार्गावरच्या ढाब्यांचा उजेड चढत गेला, आणि दोनतीन हिवाळ्यांत अर्धं आकाश चहात दूध पडल्यागत झालं. तिथून निघालो तो राजगडाच्या पायथ्याला, पालीला. म्हटलं, गडाच्या पायथ्याला तरी कोण येतंय? सगळं पुणं येतं, हे मला शनिवारी रात्री कळलं. तंबू, स्पीकर, आणि गडाच्या कातळावर फिरणारे हिरवे लेझर. एकानं माझ्या दुर्बिणीत टॉर्च मारून बघितलं, आत काय आहे ते. आगीतून निघून फुफाट्यात पडणं म्हणजे काय, ते मी त्या रात्री शिकलो.

शेवटी सापडलं ते पठार. वेल्ह्याच्याही पुढं, घाटमाथ्याकडं जाताना, रस्ता संपून कच्ची वाट लागते तिथं. पठाराखाली उतारावर धनगरांचा एक वाडा आहे. वाडा म्हणजे चारसहा घरं, शेळ्यामेंढ्यांची वाडगी आणि पाण्याचा एक झरा. ईशान्येला तोरणा असा आडवा उभा की पुण्याचा सगळा उजेड त्याच्या पाठीमागं अडतो. पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. सूर्य बुडाला, तांबडं विझलं, आणि डोक्यावर तो पट्टा उमटला, माझ्या गच्चीवरचा. मी आडवा झालो कातळावर आणि रडलो. पन्नाशी उलटलेल्या माणसानं असं लिहू नये म्हणतात, पण रडलो ते खरं आहे.

त्यानंतरचे सगळे कार्यक्रम मी तिथंच घेतले. एसटी तिथवर जात नाही, म्हणून वेल्ह्याहून टेम्पोनं माणसं न्यायचो. आसपासच्या गावांतली, बाजारातली दुकानदार मंडळी, शाळेतली पोरं, कधी पुण्याहून आलेले पाहुणे. यात माझी सगळ्यात मोठी अडचण अमावास्या. तारे बघायला अमावास्येसारखी रात्र नाही, आणि आमच्याकडं अमावास्येला कुणी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. पहिल्या वर्षी कार्यक्रम ठेवला तर मी, टेम्पोवाला आणि एक कुत्रं, एवढेच जमलो. लोक समजूतदारपणे सांगायचे, "मास्तर, पुनवंला ठिवा की, उजेड तरी असतोय." मग मी कॅलेंडरमधून मागंपुढं करून तिथीला चकवणारे दिवस काढायला शिकलो.

शनीची तऱ्हा आणखी वेगळी. काही जण चपला काढून बघायचे. काही म्हणायचे, आम्ही त्याला बघितलं की तो आम्हाला बघणार, नको ती आफत. एक गृहस्थ शनिवारी वाटीत तेल आणि रुईच्या पानांची माळ घेऊन आले. तेल माझ्या आरशावर ओततील या भीतीनं मी दुर्बिणीपुढं हात पसरून उभा राहिलो. माळ मात्र घालू दिली. आणि जवळपास प्रत्येक जण डोळा लावल्याबरोबर "दिसलं" म्हणायचा. काही दिसलेलं नसायचं. मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून म्हणायचे. गाढवापुढं वाचली गीता असं मनात यायचं, मग लाज वाटायची, कारण रांगेत तीच माणसं तोंड उघडं टाकून वर बघत असायची. मला हवं होतं ते तिथं रांगेत घडत होतं.

वाड्यातल्या मंडळींची आणि माझी ओळख पाण्यावरून झाली. माझ्या माणसांना पाणी लागायचं, ते वाड्यातल्या एक मावशी कळशीनं वर पाठवायच्या. सत्तरीच्या असतील. कपाळावर मोठं कुंकू, हातात काठी, बोलणं थोडं. त्यांची सून पाणी घेऊन वर यायची, कडेवर लहान मुलगी असायची. ही सून मला आठवते ती एका कारणानं. तिनं एकदा दुर्बिणीला डोळा लावला तो काढेचना. रांगेतले कुरकुरायला लागले, मागून कुणीतरी खाकरलं, तरी ती तशीच. कडेवरची मुलगी तिचा पदर ओढत होती. शेवटी तिनं मान वर केली आणि कळशी उचलून खाली गेली. "दिसलं" म्हणाली नाही. मला खात्री आहे, त्या सगळ्या वर्षांत जर कुणाला दिसलं असेल तर तिला.

पुढच्याच पावसाळ्याअखेर ती गेली. झऱ्यावरून घराकडं येताना, दिवस बुडाल्यावर, वाटेवरच्या दगडांत तिचा पाय फुरशावर पडला. गाडी वरपर्यंत येईतो, मग वेल्हे, मग तिथून पुढं, तोवर फार उशीर झाला होता. मला हे दिवाळीनंतर वर गेल्यावर कळलं. मी टेम्पोतून दुर्बीण उतरवत होतो आणि मावशी स्वतः कळशी घेऊन आल्या. नात त्यांच्या पदराला धरून होती. मी सुनेचं विचारलं. मावशींनी काठीनं खाली वाट दाखवली आणि म्हणाल्या, "तितं. जनावर हुतं." आमच्याकडं अंधार पडल्यावर सापाचं नाव घेत नाहीत.

त्या संध्याकाळी मी कार्यक्रम कसा पार पाडला ते आठवत नाही. परतताना मावशी टेम्पोजवळ उभ्या होत्या. त्यांना एकच सांगायचं होतं.

"मास्तर, तुमचं ऐकत्यात लोक. आमचं कोन ऐकतंय? झऱ्याच्या वाटंवर एक दिवा टाकायला सांगा. घरात नात हाय."

मी "बघतो" म्हणालो. आता या "बघतो"बद्दल सांगायलाच हवं. वेल्ह्याहून भोरकडं निघालो. मार्गासनी गेलं, नसरापूर गेलं, तरी माझ्या डोक्यात एकच भांडण चाललं होतं. दोन तालुक्यांत शेवटचा उरलेला तो अंधार, आणि तिथं मीच जाऊन दिवा मागायचा. मी स्वतःवरच चिडलो. त्या पोरीची आई गेली आणि तू पट्टा कवटाळून बसलास? आकाशगंगेला काही फुरसं चावत नाही. पण दुसरा आवाजही होताच, आणि तो म्हणत होता की आता तुला दुसरी जागा मिळणार नाही, कारण दुसरी जागा नाहीच. कापूरहोळला गाडी वळली तेव्हा माझं ठरलं होतं. जाऊ दे तो पट्टा. मला इतकी वर्षं मिळाला, पुष्कळ झालं. मनातून तो सोडून देताना एखाद्या माणसाला पोचवून आल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी दुकान बंद ठेवून तिथल्या पंचायतीच्या सरपंचांना भेटायला गेलो. माणूस वाईट नाही, मला बसायला दिलं, पोहे दिले. मी नीट समजावून सांगितलं. झऱ्यापासून घरांपर्यंतच्या वाटेवर छोटे सोलरचे दिवे, गुडघ्याएवढे, तोंड खाली असलेले. वाट दिसेल, पाय दिसेल, बास. त्यांनी मान डोलावली आणि अडचण सांगितली. चारसहा घरांसाठी दिवे कुठल्याच योजनेत बसत नाहीत, वाडा मुळात पंचायतीच्या एका टोकाला, वर मतं किती. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. म्हणाले, पण मास्तर, तुमच्या कार्यक्रमाला तर लांबून लांबून माणसं येतात की. मी अभिमानानं हो म्हटलं. मंग हुतंय, असं म्हणून ते उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

त्या अभिमानाचा मला आज जेवढा संताप येतो, तेवढा कुणाचाच येत नाही.

मधले महिने मी वाट बघितली. फोन केला की "हुतंय, मंजूर झालंय" असं उत्तर यायचं. मी मावशींनाही तसंच सांगितलं. त्या प्रत्येक वेळी कळशी खाली ठेवून ऐकायच्या आणि "व्हय का" एवढंच म्हणायच्या. पुढच्या दिवाळीनंतर सरपंचांचा फोन आला. काम झालंय, उद्घाटन आहे, तुम्ही प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी बसायचं. मी कामाला लागलेल्या पोरासारखा नवा शर्ट घालून गेलो.

पठाराच्या मधोमध, अगदी जिथं मी दुर्बीण लावायचो तिथं, काँक्रीटच्या चौथऱ्यावर हायमास्टचा खांब उभा होता. आपल्याकडं चौकात असतो तसला, दुमजली घराहून उंच, वर गोलाकार लावलेले एलईडीचे मोठाले दिवे. शेजारी फ्लेक्स, त्यावर पुढाऱ्यांचे फोटो आणि खाली माझा. "आकाशदर्शन पठार. पर्यटकांच्या सोयीसाठी." त्याखाली बारीक अक्षरात, मास्तरांच्या मागणीनुसार.

मी सरपंचांना बाजूला घेतलं. म्हटलं, हे काय, मी वाटेवर मागितले होते. ते मनापासून गोंधळले. वाटेवर मंजूर होत नव्हतं, पर्यटनातून मंजूर झालं, आणि पर्यटनातलं काम पर्यटक येतात तिथंच करावं लागतं. शिवाय तुमची माणसं अंधारात ठेचकाळतात, ते बघवत नव्हतं म्हणाले. त्यांनी माझ्यावर उपकार केला होता आणि मी खूश का होत नाही हे त्यांना कळत नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी खुर्चीत जाऊन बसलो.

दिवस बुडता बुडता शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी माईकवर सरळ सांगितलं की दिवा इथं नको होता, खाली झऱ्याच्या वाटेवर हवा होता, तिथं एक बाई गेली आहे. प्रमुख पाहुण्यांनी हसत माईक घेतला आणि जाहीर केलं की मास्तरांची तीही मागणी पुढच्या टप्प्यात पुरी होईल. टाळ्या पडल्या. पुढचा टप्पा म्हणजे काय, हे टाळ्या वाजवणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

मग बटण दाबलं. पांढराफटक उजेड पडला, कातळावरचा खडान् खडा दिसायला लागला. पोरं सावल्या पाडत नाचली. कुणीतरी म्हणालं, आता रात्रीचे पण फोटो चांगले येतील. मी सवयीनं मान वर केली. पश्चिमेला शुक्र तेवढा होता. बाकी डोक्यावर काळी ताडपत्री घालावी तसं, काही नाही. आकाशगंगा तिथं असणार, ती काही कुठं जात नाही, पण या पठारावरून ती आता कुणालाच दिसणार नाही. मी जे द्यायला तयार झालो होतो ते घेतलं गेलं होतं, आणि ज्याच्यासाठी द्यायला तयार झालो होतो ते मिळालं नव्हतं.

वाड्यातली माणसं एका कडेला उभी होती. गाड्या निघून गेल्यावर मावशी जवळ आल्या. बराच वेळ खांबाकडं बघून म्हणाल्या, "लई मोटा हाय." मग विचारलं, "ह्येचा उजेड खाली वाटंवर यील?"

मी म्हटलं, बघू या. आम्ही पठाराच्या कडेला गेलो. तिथं कातळाची धार आडवी येते आणि वाट तिच्याखालून उतरते. उजेड धारेवरून सरळ पुढं निघून जात होता आणि खाली सगळं डांबरासारखं काळं होतं. एरवी त्या वाटेवर चांदण्यांच्या प्रकाशात दगड तरी ओळखू यायचे. आता दिव्याखाली दिपलेल्या डोळ्यांना आपला हातसुद्धा दिसत नव्हता. मी डोळ्यांच्या धंद्यातला माणूस, असं का होतं हे मला कळत होतं. मावशींनाही काही सेकंदांत कळलं. नातीला त्यांनी उचलून पाठीवर घेतलं.

मी म्हटलं, थांबा, माझ्या मोबाईलचा टॉर्च लावतो, मी पुढं होतो. मोबाईलची बॅटरी फोटो काढण्यात संपली होती. तरीही मी पुढं पाऊल टाकलं, तेवढ्यात त्यांनी काठी माझ्या छातीपुढं आडवी धरली.

"तुमी मागं ऱ्हावा, मास्तर. माजं काय, झालं गेलं वय. तुमाला अजून लोकास्नी दावायचंय."

दाखवायला आता माझ्याकडं काहीच उरलं नव्हतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. त्या पाय आपटत, काठी दगडावर वाजवत उतरायला लागल्या. मी त्यांच्या मागं, त्यांचा पाय जिथं वाजेल तिथंच पाय टाकत घरापर्यंत गेलो.